दुपारी बाराला सोडायची खोली आणि रात्री एकचं विमान: किनाऱ्यावरच्या सुट्टीचे शेवटचे दिवस

प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांचं कुटुंब. नवरा-बायको, तेरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. परदेशात समुद्रकिनारी आठ रात्रींचा मुक्काम. मागच्या दोन्ही सुट्ट्या शेवटच्या दोन दिवसांत बिघडल्या, चिडचिड आणि धावपळ झाली. या वेळी बेटावरची बोटीची सफर आणि मुलाचं स्कूबा डायव्हिंग मुद्दाम शेवटच्या पूर्ण दिवसासाठी राखून ठेवलं आहे, म्हणजे शेवट दणक्यात होईल. निघायच्या दिवशी खोली दुपारी बाराला सोडायची आहे आणि विमान रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आहे. हे सगळं नीट कसं जुळवायचं?

बावीस वर्षं मी कुटुंबांच्या अशा सहली आखते आहे आणि त्यांतल्या बऱ्याच सहलींना स्वतः सोबत गेले आहे. तुमचा बेत वाचल्यावर पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही, की बोट आणि स्कूबा दोन्ही तिथून उचला आणि मुक्कामाच्या चौथ्या किंवा पाचव्या दिवशी ठेवा. शेवटच्या दिवसाच्या मागे दुसरा दिवस नसतो. जे फसू शकतं, पुढे ढकलावं लागू शकतं, ज्यातून कुणी आजारी पडू शकतं, असं काहीही त्या दिवसावर ठेवू नये. बाकी जे सांगणार आहे ते बहुतेक याच एका गोष्टीतून निघतं.

स्कूबाचंच घ्या. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासात घेतली की नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या ऊतींत विरघळतो, आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्याएवढा नसतो. साधारण दोन हजार ते चोवीसशे मीटर उंचीच्या डोंगरावर जेवढा असावा तेवढाच असतो. शरीरात नायट्रोजन उरलेला असताना त्या कमी दाबात गेलं की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून डायव्हिंग करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा आहे की साधी एकच डुबकी घेतली असेल तर विमानाआधी किमान १२ तास जाऊ द्यावेत, आणि एकापेक्षा जास्त डुबक्या किंवा सलग काही दिवस डायव्हिंग झालं असेल तर किमान १८ तास. मी स्वतः माझ्या गटांना पूर्ण दिवस सोडायला लावते.

आता तुमचं गणित पाहा. शेवटच्या पूर्ण दिवशी सकाळी मुलगा पाण्याखाली गेला तर विमानापर्यंत दीड दिवस मिळतो, म्हणजे कागदावर अडचण नाही. पण त्या सकाळी वारा सुटला आणि डायव्हिंगवाल्यांनी सांगितलं, 'उद्या सकाळी दहाला या,' तर? उद्या म्हणजे खोली सोडायचा दिवस. अकराला वर आला तर विमानाला चौदा तास उरतात. एका डुबकीला चालतील, दोन डुबक्यांना नाही. आणि दुसरी डुबकी फुकट मिळते आहे म्हटल्यावर तेरा वर्षांच्या मुलाला 'नको' म्हणण्याची वेळ तुमच्यावर येणार. चौथ्या दिवशी वारा सुटला तर पाचवा असतो, पाचव्याला सहावा असतो. मुखवटा लावून वरवर पोहणं, म्हणजे स्नॉर्कलिंग, याला असं कुठलंही बंधन नाही. ते शेवटच्या सकाळपर्यंत खुशाल करा.

बोटीचंही असंच. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका गटाची बेटाची सफर शेवटच्या दिवशी ठेवली होती, तुमच्यासारखाच विचार करून. जाताना समुद्र आरशासारखा होता. परतताना दुपारचा वारा वाढला, बोट निम्म्या वेगाने आली, चार मुलं आणि दोन आज्या ओकून ओकून गळून गेल्या. हॉटेलवर पोचलो तेव्हा सामान बांधायला पाऊण तास होता. त्या गटातल्या एका आजींना रात्रभर विमानात बसवताना मला जे वाटलं ते मी विसरलेले नाही. किनाऱ्याजवळ दुपारनंतर जमीन तापली की समुद्राकडून वारा वाढतो, ही रोजची गोष्ट आहे. बोटीची सफर नेहमी सकाळची घ्यावी, आणि कधीही शेवटची ठेवू नये.

तुम्ही बेटावरच राहत असाल तर हे आणखी घट्ट लागू होतं. मालदीवमध्ये पाण्यावर उतरणारी छोटी विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. रात्री एकच्या विमानासाठी तिथल्या दूरच्या बेटावरून दुपारीच निघावं लागतं, आणि पहाटेच्या विमानासाठी आदली रात्र राजधानी मालेजवळ काढावी लागते. जिथे फक्त बोटीनं मुख्य जमिनीवर यायचं असतं तिथे शेवटच्या बोटीवर भरवसा ठेवू नका. तिच्या आधीची बोट पकडा.

आता 'शेवट दणक्यात' या कल्पनेबद्दल. ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, तिच्यामागे काहीतरी खरं आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या बोचऱ्या गार पाण्यात साठ सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच साठ सेकंद, आणि वर आणखी तीस सेकंद, फक्त त्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू एका अंशानं कोमट केलं. यातलं कुठलं पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. अनुभवाचा शेवट आठवणीवर असा अंमल गाजवतो. पण पुढे २००८ साली प्रत्यक्ष सुट्टीवर गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा आठवडाभराच्या सुट्टीला हा नियम तितका चपखल बसला नाही. सुट्टी एकूण कशी गेली हे ठरवण्यात सगळ्यात वेगळा, लक्षात राहिलेला दिवस जास्त मोलाचा ठरला, मग तो कुठेही असो. आणि २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या सुमारे दीड हजार लोकांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की सुट्टीवरून परतल्यावर न गेलेल्यांपेक्षा जास्त आनंदी राहिले ते फक्त ज्यांची सुट्टी 'अगदी निवांत' गेली होती ते, आणि तेही मुख्यतः पहिले दोन आठवडे.

या तिन्ही गोष्टी मी एकत्र ठेवते तेव्हा मला सरळ अर्थ लागतो. वेगळा दिवस हवाच, पण तो मध्यभागी चालतो. शेवटाला दणका नको, बरं वाटणं हवं. बोचऱ्या पाण्याच्या त्या प्रयोगातही शेवट भव्य नव्हता, थोडा कोमट होता एवढंच.

म्हणून शेवटचा पूर्ण दिवस मी रिकामा ठेवते. त्या दिवशी नवीन काही करायचं नाही. तीच पुळण, तीच छत्री, ज्या खडकाजवळ मुलीला पहिल्यांदा खेकडा दिसला तोच खडक. सहा वर्षांच्या मुलाला पुन्हा तेच करण्यात जो आनंद असतो तो आपण मोठ्यांनी विसरून गेलेलो असतो. मी कुटुंबांना एक गोष्ट आवर्जून करायला सांगते: आदल्या रात्री प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची, जी त्याला पुन्हा एकदा करायची आहे. पाच माणसं, पाच गोष्टी. नेहमी दिसतं की त्या लहान निघतात. कुणाला पहाटे चालत टोकापर्यंत जायचं असतं, कुणाला त्याच बाकावर बसून सूर्य बुडताना पाहायचा असतो. तुमच्या सासूबाईंना नक्की विचारा. मोठी माणसं स्वतःहून बोलत नाहीत, 'तुम्ही मुलांचं बघा' म्हणतात, आणि आठ दिवस ओल्या टॉवेलांची राखण करून परत जातात. एका आजींनी मला शेवटच्या दिवशी सांगितलं होतं की त्यांना गुडघाभर पाण्यात हात धरून कुणीतरी दहा मिनिटं उभं राहावं एवढंच हवं आहे. आठ दिवसांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र आधी पाहून ठेवा. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी सातला ओहोटीची मोकळी वाळू होती म्हणून आठव्या दिवशीही असेल असं धरू नका. तोपर्यंत चक्र जवळजवळ उलटलेलं असतं आणि त्याच वेळी पाणी पार भिंतीला लागलेलं असतं.

हा दिवस खरोखर रिकामा मिळायला हवा असेल तर निघण्याची कामं त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे निघण्याच्या दोन दिवस आधी उरकावी लागतात. साधारण दोन तासांचं काम आहे. मुलं दुपारी झोपली किंवा सावलीत खेळत बसली की बसा.

पहिलं काम म्हणजे तारीख. रात्री एक वाजून दहा मिनिटांचं विमान हे चुकण्यासाठीच जन्माला आल्यासारखं असतं. तिकिटावर २० तारीख छापलेली असेल तर तुम्हाला १९ तारखेच्या रात्री विमानतळावर असायचं आहे. २० च्या रात्री पोचलात तर विमान चोवीस तासांपूर्वी गेलेलं असतं. माझ्या ओळखीतली शिकलेली, सावध माणसं यात फसली आहेत. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: '१९ ची संध्याकाळ, हॉटेलमधून निघणे.' त्याचबरोबर व्हिसावरची तारीखही बघा. मध्यरात्र उलटून पासपोर्टवर शिक्का पडणार असेल तर तो दिवसही मुदतीत बसायला हवा.

मग पाचही पासपोर्ट प्रत्यक्ष हातात घ्या. तिजोरीत आहेत असं माहीत असणं पुरेसं नाही, हातात घेऊन मोजा. येताना दिलेली चिठ्ठी किंवा कार्ड असेल तर तेही त्यात आहे का पाहा. पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार, वकिलातीत अर्ज, फोटो, तात्पुरता दाखला, आणि काही देशांत बाहेर पडायची वेगळी परवानगी, इतकं सगळं करावं लागतं. दोन कामाचे दिवस हातात असतील तर ते कदाचित जमतं. विमानाच्या संध्याकाळी कळलं तर मुळीच जमत नाही. त्या दोन दिवसांत शनिवार-रविवार येत असेल तर ही मोजणी आणखी अलीकडे आणा.

रिसेप्शनवर जाऊन आतापर्यंतचं बिल मागा आणि ओळीओळीनं वाचा. आठ दिवसांत दुसऱ्या खोलीचं जेवण, न उघडलेल्या मिनीबारमधलं पेय, असं काही ना काही चढलेलं असतं. दोन दिवस आधी ते पाच मिनिटांत निस्तरतं. निघताना दारात गाडी उभी असताना त्याच चुकीवरून नवरा-बायकोत तंटा होतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की बिल हे काम मी कुणालाच विसरू देत नाही. पैसे देताना कार्डाच्या यंत्रानं 'तुमच्या चलनात की इथल्या?' असं विचारलं तर इथल्या चलनात म्हणा. दुसरा पर्याय निवडला तर दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो. हॉटेलनं सुरुवातीला कार्डावर अनामत अडकवलेली असेल तर ती सुटायला काही दिवस लागतात. ती डेबिट कार्डावर असेल तर तेवढे पैसे परतीच्या प्रवासात नाहीत असंच समजा. नाणी संपवून टाका, कारण चलन बदलणारे नाणी घेत नाहीत. काही विमान कंपन्या युनिसेफच्या 'चेंज फॉर गुड' उपक्रमासाठी विमानात पाकीट फिरवतात. १९८७ पासून ते चालू आहे. मुलांना त्यात नाणी टाकायला आवडतं.

शेवटची धुणी याच दिवशी. समुद्राच्या दमट हवेत पोहण्याचे कपडे एका रात्रीत वाळत नाहीत. घाईत धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलात घट्ट गुंडाळून त्यावर पाय देऊन पिळला तर बराच सुकतो. मुखवटे, पोहताना पायात घालायचे पंखे (फिन्स), वाळूतली खेळणी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर मिठाचे कण रबर आणि चेन खातात. आणि वाळूबद्दल एक: ओल्या अंगाची वाळू पुसू नका, घासली जाते. थोडी टाल्कम पावडर लावून हातानं झटकली की ती आपोआप गळते. बॅगेतली वाळू मात्र बॅग पूर्ण रिकामी करून उलटी झटकल्याशिवाय जात नाही.

याच दिवशी प्रत्येकाच्या अंगाकडेही नीट बघा, विशेषतः मुलांच्या कानांकडे. आठ दिवस पाण्यात असलेल्या मुलाचा कान दुखायला लागतो तो बहुतेक सहाव्या-सातव्या दिवशी. कानाची पाळी हलकेच ओढल्यावर दुखत असेल तर बाहेरच्या नळीला सूज आहे, पोहणाऱ्यांना होते ती. ती डॉक्टरांच्या थेंबांनी दोन-तीन दिवसांत आटोक्यात येते, पण तेवढे दिवस हवेत. सर्दी, बंद नाक आणि आत दडा बसल्यासारखं दुखणं असेल तर विमान खाली उतरताना मुलीला फार त्रास होईल. दोन्ही बाबतीत डॉक्टरांना आजच दाखवा, परवा नाही.

उन्हाचं मलम. याच्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण शेवटच्या दिवशी भाजलेली कुटुंबं मी सगळ्यात जास्त पाहिली आहेत. कारण साधं आहे, बाटली संपलेली असते. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण तीस मिलिलिटर मलम लागतं, आणि पोहत असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. म्हणजे दोनशे मिलिलिटरची बाटली एका माणसाच्या सहा-सात वेळांना पुरते. ती पाच जणांत आठ दिवस पुरली असेल तर तुम्ही गरजेपेक्षा फार कमी लावत होतात. सहाव्या दिवशी तळाला उरलेलं मलम पुरवून पुरवून लावलं जातं, शिवाय 'आता रापलोच आहोत' असं वाटतं. रापलेल्या कातडीचं संरक्षण अगदीच तुटपुंजं असतं. आणि उन्हानं भाजलेलं लगेच कळत नाही. लाली काही तासांनी येते आणि बारा ते चोवीस तासांनी सगळ्यात जास्त होते. शेवटच्या दुपारी भाजलेली पाठ विमानाच्या खुर्चीला टेकते तेव्हा ती ऐन भरात असते. नवी बाटली घ्याच. उरली तर सामानात जाईल. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली बहुतेक विमानतळांवर चालत नाही, अर्धी रिकामी असली तरीही, कारण मोजतात ती बाटलीची क्षमता.

शंख-शिंपल्यांचा निकालही आदल्या दिवशीच लावा. मुलीनं आठ दिवसांत डबाभर गोळा केलेले असणार. आधी प्रत्येक शंख पाण्यात ठेवून थांबा, आत खेकडा असेल तर तो पाय बाहेर काढतो. असे सगळे परत पुळणीवर ठेवा. न दिसणारा जीव आत मेला तर दुसऱ्या दिवशी बॅग उघडवत नाही. प्रवाळाचा तुकडा, जायंट क्लॅमचा शिंपला आणि कॅरिबियन समुद्रातला क्वीन काँच हा मोठा शंख हे सायटिस या, धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. तो करार १९७५ पासून लागू आहे. काहींना थोड्या संख्येची सूट आहे, पण बरेच देश त्याहून कडक आहेत. वाळूसुद्धा नेऊ नका. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर २०१७ पासून वाळू, खडे, शिंपले उचलण्यासाठी पाचशे ते तीन हजार युरोंपर्यंत दंड आहे, आणि २०१९ मध्ये एका जोडप्याला गाडीत चाळीस किलो वाळूसह पकडलं होतं. मुलांना हे रागावून सांगू नका. सगळे शिंपले वाळूवर ओळीनं मांडायला सांगा, मुलीला मधोमध बसवून फोटो काढा. फोटो नेला की शिंपले सोडायला मुलं कबूल होतात, माझा अनुभव आहे.

मुलांना निघण्याची कल्पनाही याच दिवशी द्यावी. सहा वर्षांच्या मुलीला 'परवा' हा शब्द धड कळत नाही. 'अजून दोन वेळा झोपायचं, मग विमान' हे कळतं. तेरा वर्षांच्या मुलाचं वेगळं असतं. त्याची तिथे कुणाशी तरी दोस्ती झालेली असते आणि शेवटची संध्याकाळ त्याला तुमच्याबरोबर नको असते. दोन तास त्याला त्याच्या मित्रांबरोबर जाऊ द्या, वेळ ठरवून. मागच्या दोन्ही वेळच्या भांडणांत हे कारण होतं का, हे तुम्हीच आठवून बघा.

आता खोली सोडल्यापासून विमानापर्यंतचे तेरा तास.

दोन दिवस आधी बिल बघायला जाल तेव्हाच रिसेप्शनवर विचारा की खोली संध्याकाळी सहापर्यंत ठेवता येईल का. इतक्या जवळ आल्यावर त्यांना त्या दिवशीच्या खोल्यांचा अंदाज आलेला असतो, त्यामुळे उत्तर खरं मिळतं. दोन खोल्या असतील तर एकच ठेवा, सगळ्यांना मिळून. अर्ध्या दिवसाचं भाडं मागितलं तरी लहान मूल आणि म्हातारं माणूस सोबत असताना मी ते देते. या तेरा तासांतल्या दोन तासांच्या आडव्या झोपेची किंमत विमानात कळते. खोली नाहीच मिळाली तर सामान ठेवायची जागा आणि आंघोळीची सोय विचारा. बऱ्याच हॉटेलांत उशिरा निघणाऱ्यांसाठी तशी खोली राखलेली असते, पण तिचीही वेळ लावून घ्यावी लागते.

बॅगा आदल्या रात्री बांधून ठेवायच्या, सकाळी नाही. एक लहान पिशवी बाहेर: प्रत्येकाचा विमानात घालायचा एक पूर्ण कोरडा जोड, अंतर्वस्त्रांसकट, कंगवा, औषधं, मुलीचं झोपतानाचं खेळणं आणि ओल्या कपड्यांसाठी एक जाड प्लास्टिकची पिशवी. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या सामानात टाकायला बंदी आहे. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. वीस हजार मिलीअँपिअर-अवरची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवरची असते, म्हणजे बसते. तिजोरीत काही ठेवलं असेल तर त्यासोबत उद्या घालायच्या बुटांतला एक बूट ठेवा. तो घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडताच येत नाही.

सकाळी खुशाल पोहा. फक्त एक गोष्ट मी इथे अगदी कडक सांगते. शेवटची डुबकी म्हणून लाल बावट्याकडे दुर्लक्ष करायचं नाही. आठ दिवस नियम पाळलेली माणसं नवव्या दिवशी 'आता पुन्हा कधी येणार' म्हणून पाण्यात शिरतात. लाल म्हणजे पाणी धोक्याचं, दोन लाल म्हणजे किनारा बंद, लाल-पिवळा म्हणजे तशा दोन बावट्यांच्या मध्ये जीवरक्षकाची नजर आहे, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे जीव आहेत. जीवरक्षक संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरी जातात, म्हणून सूर्यास्ताची शेवटची डुबकी बहुतेक ठिकाणी कुणाच्याही नजरेबाहेर असते. त्या वेळी पाय भिजवा, पोहू नका. आणि किनाऱ्याकडून आत खेचणाऱ्या प्रवाहात कुणी सापडलंच तर त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडे हात मारत बसू नये. तो जोरात असला की ऑलिंपिकच्या पोहणाऱ्यालाही मागे टाकतो, पण अरुंद असतो. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावं. मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगा, शेवटच्या दिवशी पुन्हा एकदा विचारून घ्या.

पाणी चारला बंद. त्यानंतर कुणीही भिजायचं नाही, म्हणजे केस वाळतात आणि ओला कपडा सामानात जात नाही. पाच वाजता आंघोळी, कोरडे कपडे, मुलीला तासभर झोप. जेवण लवकर आणि पोटाच्या ओळखीचं. आठ दिवस जे खाल्लं नाही ते निघायच्या दिवशी चाखू नका. मोठे प्रवाळातले मासे तर नकोच, त्यांच्यात सिग्वाटेरा नावाची विषबाधा करणारं विष असू शकतं आणि ते शिजवून नष्ट होत नाही. विमान खाली उतरायला लागलं की मुलीला जागं करा. झोपलेलं मूल कमी वेळा गिळतं, म्हणून कानाचा दडा सुटत नाही. घोट घोट पाणी किंवा चघळायला काहीतरी द्या.

घरी पोचल्यावर दोन-तीन आठवड्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की अमुक देशातून अमुक तारखेला आलो. डेंग्यू डास चावल्यापासून चार ते दहा दिवसांत दिसतो, मलेरियाला किमान सात दिवस लागतात आणि कधी कितीतरी उशिरा येतो. डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नाही.

एक राहिलं. समुद्राचा निरोप शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घ्या, गाडी दारात असताना नाही. गाडीची वाट पाहत घेतलेला निरोप रडण्यात जातो. मी माझ्या गटांतल्या मुलांना त्या संध्याकाळी एक काम देते. आठ दिवसांत त्यांनी वाळूत जो मोठा खड्डा खणलेला असतो तो त्यांनीच बुजवायचा आणि किल्ला सपाट करायचा. जिथे कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यांवर हे करायला सांगितलेलंच असतं, कारण रात्री वर चढणारी मादी आणि पाण्याकडे निघालेली पिल्लं अशा खड्ड्यांत अडकतात. अंधारात चालणाऱ्या माणसाचा पायही त्यात मुरगळतो. मुलीला हे कारण सांगा, बादली तिच्या हातात द्या, आजीला शेजारी खुर्चीवर बसवा आणि मुलाला म्हणावं, फावडं घे. अर्धा तास लागतो. उजेड असेपर्यंत सुरू करा.